‘ट्रायफल्स’ची प्रॉपर्टी: पिंजरा झाला, गोधडी अजून चालू

सुझन ग्लास्पेलची ‘ट्रायफल्स’ ही १९१६ची एकांकिका. ती मराठीत करायचं आम्ही इंदूरच्या रामबागेतल्या हौशी मंडळींनी ठरवलंय आणि प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरचं सामान, माझ्या गळ्यात पडलीये. पात्रं पाच, जागा एकच: अमेरिकेतल्या एका आडबाजूच्या शेतघराचं स्वयंपाकघर. जिच्यावर नवऱ्याला गळफास लावून मारल्याचा संशय आहे ती मिनी राइट स्टेजवर येतच नाही, ती कोठडीत आहे. तिच्याबद्दल जे कळायचं ते शेजारणीच्या बोलण्यातून आणि सामानातून. प्रॉपर्टीवाल्याला याहून मोठी भूमिका कुठे मिळणार?

पिंजरा झाला. बाजारात मिळाले त्यांची दारं वर सरकणारी होती, इथे बिजागरीचं दार हवं, कारण ती बिजागरी उखडलेली असते आणि शेरीफची बायको ते हेरते. सियागंजातून बारीक बिजागऱ्या आणल्या. नुसते स्क्रू सैल केले तर दार गंजून लोंबतंय असं वाटतं. कुणीतरी हिसडलंय हे दिसायला हवं, म्हणून पत्रा पकडीने पिळून वाकवला.

पक्षी, म्हणजे मिनीचा मेलेला गाणारा पक्षी, लहानच हवा, वीतभरही नको. तारेवर कापूस, वरून पिवळी लोकर. मान मात्र तारेची नाही, दोऱ्याची ठेवली आणि डोक्यात सायकलचा छर्रा घातला. तो ज्यात गुंडाळलेला सापडतो ते रेशमी कापड उलगडलं की डोकं आपसूक कलंडतं. मागच्या रांगेला ते दिसणार नाही, पण हातात घेणाऱ्या नटीला कळतं.

गोधडीचं काम संपतच नाहीये. मिनीच्या गोधडीचे तुकडे नीट शिवलेले, एकाच तुकड्यावर टाके सैरावैरा. शेजारीण मिसेस हेल ते टाके बोलता बोलता उसवते आणि पुन्हा सरळ घालते, म्हणजे पुरावाच पुसते. त्यामुळे दर तालमीला नवा बिघडलेला तुकडा लागतो. शिवून देणाऱ्या मावशींचा हात इतका सफाईदार की वाकडं शिवणं त्यांना जमेना. शेवटी अर्धी ओळ छान आणि मधूनच हात सुटलेला, असं ठरलं. मला ते जास्त पटतं. त्या अमुक क्षणी घरात काहीतरी घडलं, हे तिथे वाचता येतं.

यावरूनच तालमीत वाद झाला. एकाचं म्हणणं, नवरा मारहाण करायचा असं सुचवू, हेतू पक्का होईल. मी आडवा आलो. संहितेत तसं कुठेच नाही. उलट जॉन राइट दारू पीत नाही, शब्द पाळतो, देणी फेडतो. फक्त त्याच्याजवळ बसलं की हाडात गारठा शिरतो. घर खोलगट जागी, तिथून रस्ताही दिसत नाही. मूलबाळ नाही, तो दिवसभर बाहेर. शेजारी सामाईक टेलिफोन घ्या म्हणतो, तर लोक आधीच फार बोलतात असं त्याचं उत्तर. लग्नाआधी चर्चमध्ये गाणारी मिनी तीसेक वर्षं त्या शांततेत काढते आणि गाणारा एकुलता एक जीव मान पिरगळलेला सापडतो. मारहाण घातली की ही तीस वर्षं फुकट जातात. सरकारी वकिलाला हेतू हवा असतो, पण तो शोधतो माडीवर आणि गोठ्यात. हेतू पडलाय चुलीपाशी.

ग्लास्पेल आधी वार्ताहर होती. १९०० साली आयोवात जॉन हॉसॅक या शेतकऱ्याचा झोपेत खून झाला, बायकोवर खटला चालला, त्याच्या बातम्या तिनेच दिल्या होत्या. तिथे हत्यार कुऱ्हाड होतं. नाटकात तिने दोरी आणली. घरात बंदूक असताना दोरी! पक्ष्याची मान आणि नवऱ्याची मान तिथे जुळतात. म्हणून दोरी दाखवायची नाही, असं माझं मत. पक्षी पुरे.

मुरंब्याच्या बरण्यांचं घोडं अजून अडलंय. विस्तव विझला, रस गोठून फुगला, काच तडकली. आपल्याकडच्या थंडीत असं होत नाही, प्रेक्षकाला कळायला हवं. एखादं वाक्य वाढवायला दिग्दर्शक तयार नाहीत. मी खिडकीच्या तावदानावर बर्फाची जाळी रंगवून बघणार आहे.

आता डोलखुर्ची. तीच गोष्ट ग्लास्पेलने १९१७मध्ये कथेतही लिहिली, तिथली खुर्ची लाल, विटलेली, पाठीची मधली दांडी गेलेली, एका बाजूला कललेली आहे. इंदुरात कुणाच्या माळ्यावर मोडकी पडली असेल तर सांगा. दुरुस्त करून ठेवू नका, तशीच हवी.