स्मरणिका स्कॅन करायच्या होत्या, त्याची गोष्ट

कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी... हिवाळा आला की आमच्या बेळगाव भागात रविवारी कुठे ना कुठे मराठी साहित्य संमेलन असतंच. ते उरकलं की स्मरणिका माळ्यावर जाते, पुढे वाळवीला. म्हणून त्या स्कॅन करून सूचीसकट नेटवर ठेवायचं ठरवलं. गावांतून अंक मिळाले, वर चहा मिळाला. अडलं ते शहरातल्या एका संस्थेच्या कपाटापाशी.

मराठीत अर्ज दिला. कारकून म्हणाले, "कन्नडात नायतर इंग्लिशमध्ये द्या ओ, वर पाठवायचंय." दिला. मग, "कमिटीची मीटिंग होऊ दे की." मीटिंग झाली, पण माझा विषयच निघाला नाही, कारण अर्जावर आवक नंबर पडला नव्हता! तेव्हा अर्जाची झेरॉक्स सोबत न्या आणि तिच्यावर शिक्का मारून पोच घ्या. नाहीतर तुमचा अर्ज जन्मालाच आलेला नसतो. पुढे कपाटाची किल्ली अध्यक्षांकडे आणि अध्यक्ष परगावी. ते आले, तर म्हणाले, "सगळं मोबाइलवर आलं तर इथं कोण येणार?" मी म्हटलं, "आत्ता कोण येतंय सर?" हे वाक्य मला आणखी एका मीटिंगला पडलं. अखेर सही झाली. अट एकच, अंक बाहेर न्यायचे नाहीत. खिडकीजवळचं टेबल मागून घ्या, उजेड चांगला असतो.

बाकी काम सोपं. फाइल गुगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडली की मजकूर मिळतो. खिळ्यांच्या छपाईतली जोडाक्षरं तेवढी हातानं सुधारायची. श्रीलिपीतल्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमधल्या, फाइली कुणी दिल्या तर हुरळू नका; तो फॉन्ट नसेल तर अक्षरांचा गोंधळ दिसतो, म्हणून आधी कुठंही वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये बदला.

प्रताधिकार लेखक गेल्यावर 60 वर्षं चालतो. 1929च्या बेळगाव संमेलनाचे अध्यक्ष शि. म. परांजपे त्याच वर्षी वारले, त्यांचं लेखन खुलं आहे. 1946च्या इथल्याच संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्याचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर 1976 साली गेले, म्हणजे त्यांच्या भाषणासाठी 2036 सरेपर्यंत थांबा, नाहीतर वारसांना विचारा. गावच्या कवींकडून मी दोन ओळींची लेखी संमती घेतो. त्यांना ना मीटिंग लागते ना शिक्का.

आणि हो, लेखक, शीर्षक, वर्ष, पान एवढी सूची करायला कुणाचीच परवानगी लागत नाही. कपाट उघडेपर्यंत गावच्या अंकांची ती उरकून घ्या.