यू-डायस प्लस: प्रमाणित करण्याआधी काय तपासावं

यू-डायस प्लस म्हणजे देशभरातल्या शाळांची माहिती दरवर्षी भरायचं सरकारी पोर्टल. त्यासाठी पटाची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर. माहिती मुख्याध्यापक भरतात, पण ती तपासून पुढे पाठवायची जबाबदारी केंद्र (आसपासच्या काही शाळा मिळून) आणि गट (तालुका) पातळीवर असते. चूक भरताना होते, आणि वर कुणी पाहिलं नाही की वर्षभर तशीच राहते.

आधी पट. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या शाळा अनुदानात ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० असेल तर २५,०००. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरच्या ३१ पटाच्या शाळेत एक नाव सुटलं तरी १५,००० रुपये जाऊ शकतात. म्हणून हजेरीपट, जनरल रजिस्टर (शाळेची दाखल-खारीज नोंदवही) आणि पोर्टल या तिन्हींतले आकडे इयत्तावार समोरासमोर ठेवा. नुसती एकूण बेरीज जुळणं पुरेसं नाही. दुसरीतलं मूल तिसरीत नोंदलं गेलं तरी बेरीज जुळतेच.

सगळ्यात जास्त घोळ चौथीनंतर होतो. मूल जिल्हा परिषद शाळेतून आश्रमशाळेत जातं. जुन्या शाळेने ‘दाखला घेऊन गेला’ अशी नोंद केली की ते ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या पोर्टलवरच्या यादीत जातं, आणि नवी शाळा पेन क्रमांक (मुलाचा कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक) व जन्मतारीख टाकून त्याला आपल्याकडे घेते. जुन्या शाळेने सोडलं नाही तर नवी शाळा घाईत नवीन नोंद करायला जाते आणि मूल दुबार होतं. उलट, सोडलं पण कुणी घेतलंच नाही, तर शिकत असलेलं मूल गळतीत मोजलं जातं. हे मला फार गंभीर वाटतं. केंद्रातल्या चौथी पास मुलांची यादी हातात घ्या, प्रत्येकाच्या नावापुढे आजची शाळा लिहा, आणि अडलेल्या नावासाठी त्याच दिवशी दोन्ही मुख्याध्यापकांना फोन करा.

दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं परस्पर कमी करू नका. त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता येईल.

आधारवरचं नाव वेगळं असेल तर ते आधारच्या रकान्यातच जसंच्या तसं भरावं. त्यासाठी जनरल रजिस्टरमध्ये खाडाखोड नको. शिक्षकांच्या बाबतीत बदली होऊन गेलेलं नाव जुन्या शाळेत राहिलंय का, एवढं पाहा.

स्वच्छतागृह ‘आहे’ आणि ‘वापरात आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गेल्या वर्षीचं उत्तर पुढे ओढलं जातं. भेटीच्या वेळी स्वतः दार उघडा, नळ सोडून बघा. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर ते वापरात नाही, असंच भरायचं.

प्रमाणित करण्याआधी छापील प्रत शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवा. समितीत ७५ टक्के पालक असतात; कोणतं मूल खरंच शाळेत येतं, हे त्यांना नक्की ठाऊक असतं. शिवाय शाळा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार लागतो, आणि त्यातले पटाचे व खोल्यांचे आकडे याच प्रतीतून घेता येतात.