सत्तेचे सिद्धांत आणि आमच्या दूध संस्थेची सभा

एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात समाजशास्त्राला सत्ता आणि संघटना यांवर पेपर होता. नोट्समध्ये वेबर, मिशेल्स, डाल, ल्यूक्स हे सत्तेवर लिहिणारे अभ्यासक एकाखाली एक मांडलेले, प्रत्येकाचे गुण-दोष पाठ करायचे. पण चार दिवसांत सगळी सरमिसळ व्हायची. मग मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू लागले: हा माणूस कोणाशी वाद घालतोय?

तिथून गाडी रुळावर आली. रॉबर्ट डाल म्हणतो, ‘ब’ने एरवी जे केलं नसतं ते ‘अ’ त्याच्याकडून करून घेतो, तेव्हा ‘अ’ची ‘ब’वर सत्ता असते. म्हणून अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात निर्णय होताना कोणाचं चालतं, हे त्याने तपासलं. 1962 मध्ये बॅकरॅक आणि बॅरॅट्झ यांनी विचारलं, चर्चेला येऊच न दिलेल्या प्रश्नांचं काय? 1974 मध्ये ल्यूक्स आणखी पुढे गेला: लोकांच्या मनात तक्रारच उठू न देणं हीसुद्धा सत्ताच.

हे तिन्ही मला गावच्या दूध संस्थेच्या वार्षिक सभेत एकदम दिसले. विषय वाचला की मागून ‘मंजूर, मंजूर’चा आवाज. तिथे कोणाचं चालतं ते दिसतं, हा डाल. फॅट मोजणीबद्दल सगळे घरी बोलतात, पण तो विषय विषयपत्रिकेवर नसतो, हे बॅकरॅक-बॅरॅट्झ. आणि पहाटे उठून धारा काढणाऱ्या माझ्या काकूंचं सभासदत्व काकांच्या नावावर. ‘माझं नाव कशाला हवं गं?’ असं काकू अगदी मनापासून म्हणाल्या, तेव्हा ल्यूक्स मला समजला. फार अस्वस्थ झाले मी त्या दिवशी.

मिशेल्सने 1911 मध्ये जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षावर लिहिलं. समतेची भाषा करणाऱ्या पक्षातही कारभार मोजक्यांच्या हाती का जातो? कारण संघटना मोठी झाली की कामाची माहिती, कागदपत्रं आणि सवड नेत्यांकडेच राहते. आपल्याकडे 1960 च्या सहकार कायद्यात एका सभासदाला एकच मत आहे, तरी वर्षानुवर्षं तीच नावं संचालक मंडळात दिसतात. मिशेल्स याला ‘पोलादी नियम’ म्हणतो, म्हणजे कधीच न टळणारा. पण तसं मानून हात टेकणं मला पटत नाही. लिपसेट, ट्रो आणि कोलमन यांनी 1956 मध्ये अमेरिकेतल्या छपाई कामगारांची एक संघटना दाखवली, जिथे दोन पक्ष खरोखर एकमेकांना हरवत. मिशेल्सवर टीका लिहायची तर हे उदाहरण हवंच.

माझा सर्वांत आवडता फ्रेंच समाजशास्त्रज्ञ क्रोझिए. फ्रान्सच्या सरकारी तंबाखू कारखान्यांत सगळं नियमाने बांधलेलं. अनिश्चित एकच, यंत्र कधी बंद पडेल. म्हणून दुरुस्ती कामगारांचा वचक त्यांच्या हुद्द्याहून कितीतरी मोठा! आमच्या सचिवांना पोटनियम तोंडपाठ आहेत, इतरांनी ते वाचलेलेही नाहीत. अध्यक्षसुद्धा त्यांच्याकडे बघूनच बोलतात.

फ्रेंच आणि रेव्हन या मानसशास्त्रज्ञांचे सत्तेचे पाच आधार (बक्षीस, शिक्षा, अधिकारपद, ज्ञान, आदर) तक्त्यातून लवकर पाठ होतात. मानसशास्त्रज्ञ ॲशवर मात्र थांबा. त्याच्या प्रयोगात रेघांची लांबी ओळखायची असे आणि बाकीचा गट मुद्दाम एकच चुकीचं उत्तर देई. गटातल्या एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी इतरांच्या दबावाला बळी पडणं एकदम कमी झालं. पुढच्या सभेत फॅटचा विषय लेखी द्यायचा, असं मी आणि शेजारच्या आबांनी ठरवलंय. पोटनियमांची प्रतही मागितली आहे.