चष्म्याची काडी आणि पावलांचा आवाज

मे महिन्याच्या अखेरीस मालवणात दुकानात नुसतं बसलं तरी अंगाला धारा लागतात. हेडफोन पारखायचा तर तो अशाच दिवशी, हे माझं ठाम मत. कोल्हापूरच्या होलसेलवाल्याने गेमिंग हेडसेटचा नमुना पाठवला होता. वायरवाला, हजाराच्या आतला, 3.5 मिमीची पिन, खोक्यावर ठळक अक्षरांत 50 मिमी ड्रायव्हर, म्हणजे आत आवाज काढणारा पडदा. ऑर्डर संध्याकाळपर्यंत कळवायची होती.

त्या 50 मिमीला मी फारसं मोजत नाही. पडदा मोठा असला म्हणून आवाज स्वच्छ येतोच असं नाही. माझी कसोटी ठरलेली आहे: दशावताराचं रेकॉर्डिंग. पखवाज कितीही घुमला तरी राजाचा शब्द न् शब्द कळायला हवा, आणि झांज कानाला टोचता कामा नये. इथे पखवाजाने संवादच गिळले.

तेवढ्यात कॉलेजातली दोन पोरं आली, दोघंही व्हॅलोरंट खेळणारी. या गोळीबाराच्या गेममध्ये शत्रूची पावलं कानाने टिपावी लागतात. म्हटलं, बसा, खेळून सांगा. चष्मेवाला खूश झाला, पावलं छान कळतात म्हणाला. त्याच्या मित्राने कानाला लावला आणि तोंड वाकडं केलं. "काकानू, नुसतो धडामधूम. पावलां मागसून येतत काय पुढसून, ताच कळणा नाय."

लॅपटॉप तोच, आवाजाची पट्टी तीच, गेममधलं एचआरटीएफ, म्हणजे हेडफोनमध्ये आवाजाची दिशा भासवणारी सोय, दोघांनाही चालूच. मग फरक कुठून आला? मी पहिल्याला चष्मा काढायला सांगितला. आता त्यालाही पावलं दबलेली वाटायला लागली! चष्म्याच्या काडीमुळे कानशिलापाशी गादी किंचित उचलली जात होती आणि त्या फटीतून खर्ज निसटत होता. खर्ज कमी झाला की त्याखाली झाकली गेलेली पावलं मोकळी होतात. खर्ज-तार सूर कमीजास्त करणाऱ्या इक्वलायझरमध्ये 100 हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे खर्जाचा, भाग उतरवला, तर बिनचष्म्याच्या पोरालाही दिशा कळायला लागली.

मग लाईट गेली, पंखा थांबला. लॅपटॉप बॅटरीवर होता, पोरं खेळतच राहिली. थोड्या वेळात चष्मेवाल्याची चुळबुळ सुरू झाली. "काकानू, कान तापले. चष्मो टोचता." हेडसेट काढला तेव्हा कानाच्या वर काडीचा लाल वळ उठला होता आणि रेक्झिनच्या गाद्या घामाने चिकट झाल्या होत्या. हे रेक्झिन आपल्या दमट हवेत लवकर सोलतं. काळे पापुद्रे मानेला चिकटलेली गिऱ्हाइकं मी नेहमी बघतो.

ड्रॉवरमध्ये त्याच मापाच्या जाळीदार कापडी गाद्या होत्या, त्या चढवल्या. स्पंज मऊ, काडीला सामावून घेणारा. शिवाय कापडातून खर्ज थोडा झिरपतो, म्हणून इक्वलायझर बंद करून पुन्हा दशावतार लावला. राजा स्पष्ट बोलत होता. पोरं परत खेळायला बसली ती लाईट येऊनही उठेनात.

संध्याकाळी होलसेलवाल्याला फोन केला. कापडी गाद्या लावून देणार असाल तरच माल पाठवा, आणि सोबत माइक-स्पीकर वेगळे करणारी वायर हवी, कारण इथल्या जुन्या डेस्कटॉपना दोन वेगळी भोकं असतात. तो म्हणाला, "अहो, रेक्झिन दिसायला भारी, गिऱ्हाईक त्यालाच भुलतं." मी म्हटलं, भुलेल, पण पावसाळ्यानंतर तेच गिऱ्हाईक सोललेला हेडसेट घेऊन माझ्या काउंटरवर येईल. शेवटी नगामागे थोडे पैसे वाढवून तो तयार झाला.