आमची वाटचाल : उत्तर देणाऱ्यांचा वेळ जपताना

आमची संस्था मुळात संकेतस्थळे तयार करून देणारी. ग्राहकाची गरज समजून घ्यायची, काम पूर्ण करून त्याच्या हाती सोपवायचे आणि पुढे वार्षिक देखभालीचा करार करायचा, एवढेच आमच्या व्यवसायाचे स्वरूप होते. पुढे काही ग्राहक आपल्या वापरकर्त्यांसाठी ऑनलाइन समुदाय उभारून मागू लागले. तांत्रिकदृष्ट्या हे काम अवघड नव्हते, कारण सदस्यनोंदणी, विषयवार विभाग आणि शोधाची सोय देणारी सॉफ्टवेअर तयारच मिळतात. मात्र असे सोपवलेले समुदाय काही महिन्यांतच ओस पडत. सुरुवातीचे स्वागतसंदेश, त्याखाली अनुत्तरित प्रश्न आणि त्यानंतर केवळ जाहिराती, असा त्यांचा ठरलेला शेवट असे. ग्राहक त्यावर उपाय म्हणून गुण आणि बिल्ले यांसारख्या नव्या सोयी मागत. आम्ही जुन्या चर्चा ओळीने वाचून काढल्या, तेव्हा उणीव सोयींची नसल्याचे स्पष्ट झाले. प्रश्न विचारणारे पुरेसे होते. उत्तर देणारे मोजके होते आणि तेच ते सांगून कंटाळले होते. त्यानंतर आम्ही समुदाय बांधून देण्याऐवजी ते चालवण्याचे काम पत्करले.

हे काम नेमके काय असते, हे एका उदाहरणावरून सांगता येईल. शिलाई मशीनचे सुटे भाग विकणाऱ्या एका ग्राहकाचा समुदाय आम्ही चालवतो. तिथे सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न म्हणजे कापडाच्या खालच्या बाजूला होणारा दोऱ्याचा गुंता. गुंता खाली दिसतो म्हणून विचारणारा बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या रिळाला) दोष देतो, ती बदलून पाहतो आणि तरीही फरक पडला नाही म्हणून वैतागून लिहितो. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा वर असतो. प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, खाली असताना दोरा ओवला, तर दोऱ्याचा ताण राखणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसत नाही आणि सैल राहिलेला वरचा दोरा खाली ओढला जाऊन गुंततो. प्रेसर फूट उचलून दोरा पुन्हा ओवला की काम भागते. हे उत्तर एक अनुभवी मेकॅनिक सदस्य अतिशय समजावून देत असत. पण तेच उत्तर किती वेळा द्यायचे, यालाही मर्यादा असते. आम्ही त्यांचे सर्वांत सुबोध उत्तर त्यांच्याच नावाने, छायाचित्रांसह कायमचे वर ठेवले. नवा सदस्य प्रश्नाचे शीर्षक लिहू लागला की ते उत्तर त्याच्यासमोर येते. तरीही प्रश्न आलाच, तर मशीन कोणते, सुई कधी बदलली आणि दोरा ओवताना प्रेसर फूट वर होता का, ही प्राथमिक चौकशी आमचा समुदाय सांभाळणारा संचालक (मॉडरेटर) करतो. त्यामुळे त्या मेकॅनिकपर्यंत शटलचे टायमिंग (सुई आणि शटल यांचा मेळ) बिघडल्यासारखे खरोखर डोके चालवायला लावणारे प्रश्नच पोहोचतात. असे प्रश्न सोडवण्यात त्यांना रस आहे आणि त्यासाठीच ते थांबले आहेत.

संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला ९०-९-१ हा ठोकताळा या क्षेत्रात सतत उद्धृत केला जातो. त्यानुसार शंभरांपैकी नव्वद जण केवळ वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि बहुतांश लेखन एकच जण करतो. प्रमाण समुदायागणिक बदलते, पण असमतोल सर्वत्र आढळतो. अनेक सल्लागार त्या नव्वदांना बोलते करण्याच्या मोहिमा काढतात. आमचे मत वेगळे आहे. जुने उत्तर शोधून, ते वाचून, मशीन दुरुस्त करून निघून गेलेला सदस्य हे समुदायाचे यशच आहे. चिंता करायची ती शेवटच्या एका टक्क्याची.

याच कारणाने आम्ही सदस्यसंख्येवर शुल्क आकारत नाही. संख्येवर पैसे घेतले की संख्या वाढवण्याकडेच आपला कल झुकतो आणि नव्यांची रीघ पचवण्याचे भान सुटते. यूजनेट या इंटरनेटवरील जुन्या चर्चाजाळ्यावर दर सप्टेंबरमध्ये विद्यापीठांतील नवे विद्यार्थी येत आणि जुनी मंडळी त्यांना हळूहळू तिथले रीतिरिवाज शिकवत. १९९३ च्या सुमारास व्यापारी सेवांमार्फत नवागतांचा ओघ बारमाही झाला आणि शिकवणारे अपुरे पडले. जुन्या लोकांनी त्या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ असे नावच दिले. आम्ही म्हणूनच नव्या सदस्यांना तुकड्यांनी प्रवेश देतो आणि प्रत्येकाच्या पहिल्या प्रश्नाला शक्यतो त्याच दिवशी माणसाने लिहिलेले उत्तर जाईल असे पाहतो. ग्राहकाच्या विपणन विभागाला हा संथपणा मानवत नाही, ही गोष्ट वेगळी.

शिस्तीच्या बाबतीत आम्हाला सर्वाधिक उपयोग झाला तो एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या अभ्यासाचा. कुरणे, मासेमारी आणि पाणीवाटप यांसारखी सामायिक साधने लोक स्वतः कशी टिकवतात, यावरील कामासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये नियम बनवण्यात वापरणाऱ्यांचा सहभाग असतो आणि शिक्षा पायरीपायरीने वाढत जाते, असे त्यांना आढळले होते. आमच्याकडेही आधी खासगी संदेश, मग काही दिवस लेखनबंदी आणि शेवटी निष्कासन असा क्रम आहे, व प्रत्येक कारवाईचे कारण नोंदवले जाते. शिवीगाळ करणाऱ्याला काढणे सोपे असते. खरी कसोटी लागते ती जाणकार पण तुसड्या सदस्यापाशी. त्याची उत्तरे अचूक असतात, त्यामुळे ग्राहकाला तो हवा असतो. मात्र ‘एवढेही कळत नाही का?’ अशी सुरुवात वाचून इतर जाणकार हळूहळू लिहिणे थांबवतात. ते तक्रार करत नाहीत, म्हणून हे नुकसान कोणत्याही अहवालात दिसत नाही. अशा सदस्याशी आम्ही एकदा सविस्तर बोलतो आणि फरक पडला नाही तर ज्ञानाची भीड न ठेवता त्याला थांबवतो.

अलीकडे यंत्रलिखित उत्तरांचा प्रश्न उभा राहिला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने चॅटजीपीटीने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घातली, तेव्हा दिलेले कारण आम्हाला तंतोतंत पटले. अशी उत्तरे क्षणात तयार होतात आणि वरकरणी बरोबर वाटतात. त्यांतील चुका शोधण्यासाठी मात्र जाणकाराचा वेळ जातो. आमचा नियम साधा आहे : जे स्वतः करून पाहिलेले नाही, ते उत्तर म्हणून लिहू नये.

करारातील एका कलमावर आम्ही तडजोड करत नाही. ऑर्कुट हे समाजमाध्यम सप्टेंबर २०१४ मध्ये आणि याहू ग्रुप्स ही गटचर्चेची सेवा डिसेंबर २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा असंख्य लहान समुदायांना आपापला संग्रह घाईघाईने उतरवून घ्यावा लागला होता. त्यामुळे सर्व चर्चांची प्रत ठरावीक काळाने सदस्यांच्या प्रतिनिधींकडे सोपवली जाईल आणि करार संपला तरी ती त्यांच्याकडेच राहील, हे आम्ही लिहून घेतो. काही ग्राहक याच मुद्द्यावर परत गेले. जे राहिले, त्यांच्यापैकी दोघांचे समुदाय आता सदस्यांतील ज्येष्ठ मंडळीच चालवतात आणि आमच्याकडे केवळ तांत्रिक देखभाल उरली आहे. यातून आमचे उत्पन्न घटते हे खरे. त्यामुळे हस्तांतरणाचे शुल्क आता सुरुवातीच्या करारातच ठरवले जाते.

नवा ग्राहक आला की किती सदस्य अपेक्षित आहेत, हे आम्ही शेवटी विचारतो. पहिला प्रश्न असतो, तुमच्या विषयातील शंकांना आज फोनवर कोण उत्तरे देते आणि त्या व्यक्तीशी आम्हाला बोलता येईल का? अशी व्यक्तीच नसेल, तर आम्ही ते काम स्वीकारत नाही.