तुम्ही विचारलंत म्हणून: मासा मिळत नाही तरी नदीवर कशाला जातेस?

हे मला सगळेच विचारतात. मंडळाच्या गणपतीत भेटलेले विचारतात, ऑफिसातले विचारतात, आणि महाडहून आई तर फोन उचलला की आधी तेच, अगं मध्यरात्री उठून एवढ्या थंडीत जातेस, मासा लागत नाही, लागला तरी सोडून देतेस, मग जातेस तरी कशाला? दरवेळी मी "आवडतं मला" एवढंच बोलते आणि विषय बदलते. मागच्या आठवड्यात मावशीने तेच विचारलं आणि वाटलं की एकदा नीट सांगावं, म्हणून हे लिहितेय.

मी सिएटलच्या बाजूला राहते आणि ज्या माशासाठी जाते तो स्टीलहेड. जात रेनबो ट्राउटचीच, पण ट्राउट आयुष्यभर नदीत राहतो आणि हा समुद्रात जाऊन येतो. साधारण दोन वर्षं नदीत वाढतो, मग समुद्रात एक-दोन वर्षं, कधी तीन, आणि अंडी घालायला परत त्याच नदीत, वासावरून वाट काढत. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात ना, मला दरवेळी तेच आठवतं. इथले पॅसिफिकमधले सॅमन अंडी घालून तिथेच मरतात, पण स्टीलहेडच्या काही माद्या परत समुद्राकडे जातात आणि पुढच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

घराजवळच्या, म्हणजे प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीला मिळणाऱ्या नद्यांमधला स्टीलहेड २००७ पासून धोक्यातल्या प्रजातींच्या सरकारी यादीत आहे, त्यामुळे सीझनच्या शेवटी मी लांब जाते, ऑलिंपिक पेनिन्सुलावर, होह नदीला. फेरी पकडून पलीकडे आणि मग हायवे १०१. पोर्ट एंजेलिस सोडलं की रस्ता एल्वा नदीवरून जातो आणि तिथे मी प्रत्येक वेळी गाडीचा वेग कमी करते, अंधार असला तरी. या नदीवर दोन धरणं होती, शंभर वर्षं मासा वर जाऊच शकत नव्हता, २०११ ला ती पाडायला सुरुवात झाली आणि २०१४ पर्यंत दोन्ही गेली. धरणांच्या वर पिढ्यानपिढ्या अडकलेले रेनबो ट्राउट होते, आणि वाट मोकळी झाल्यावर त्यांच्याच वंशातले काही समुद्रात जाऊन स्टीलहेड होऊन परत यायला लागले. इतक्या वर्षांत विसरले नाहीत! मला हे कुणाला सांगताना अजून गळा दाटून येतो.

तर परवाचा दिवस. मार्चचा शेवटचा आठवडा, सीझन बंद व्हायला चार दिवस, नदीवर दुसरं कुणीच नव्हतं. रात्री पाऊस थांबलेला. होहमध्ये ग्लेशियरचं पाणी येतं म्हणून ती कधी राखाडी असते, पण त्या दिवशी बाटलीच्या काचेसारखी हिरवी, गुडघाभर पाण्यात आपले बूट धूसर दिसावेत इतपत, म्हणजे एकदम हवी तशी. पाणी पाच-सहा डिग्री असेल. काठावर शेवाळाने मढलेले मेपल, त्यांच्यामागे स्प्रूस, आणि दगडांवर डिपर नावाचा एक करडा पक्षी सारखा उठाबशा काढत होता, मध्येच पाण्याखाली चालत जायचा आणि पलीकडून निघायचा.

रॉड तेरा फुटी, दोन हातांनी टाकायचा, फ्लाय, म्हणजे हुकावर बांधलेलं खोटं आमिष, गुलाबी-जांभळा, हुकाला उलटा काटा नाही कारण इथे नियमच तसा आहे. प्रवाहाला तिरपं टाकायचं, लाइन सरळ करून घ्यायची, मग काही करायचं नाही, पाणीच फ्लाय ओढत आपल्या काठापर्यंत आणतं, आला की दोन पावलं खाली सरकायचं आणि परत टाकायचं. सकाळभर एवढंच. इथे म्हणतात की हा हजार वेळा टाकल्यावर एकदा लागणारा मासा. पण माझं लक्ष हजाराकडे नसतं, फ्लाय त्या मोठ्या दगडामागे आला की आता, आता, असं होतं, आणि पुढच्या वेळी परत तसंच, त्यात कंटाळायला जागाच मिळत नाही.

अकराच्या सुमाराला लाइन मध्येच थांबली. झटका नाही, नुसती जड झाली, मी श्वास धरला, दोनदा डोकं हलवल्यासारखं जाणवलं आणि सुटली. बस. दिवसातला मासा म्हणाल तर तेवढाच. हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

ती होती. मी हेच बघायला जाते की या वर्षी ती आली का. लागली असती तरी सोडलीच असती, कारण हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेल्या माशांचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असतो, तो शाबूत असेल तर मासा जंगली, आणि जंगली मासा सोडायचा, त्याला पूर्ण पाण्याबाहेर उचलायचंसुद्धा नाही.

दुपारी खाली, जिथे पाणी उथळ होत जातं तिथे पोचले आणि थांबले. तळाच्या काळपट गोट्यांमध्ये चटईएवढा एक भाग स्वच्छ, फिका दिसत होता. मादी शेपटीने गोटे उडवून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून परत गोटे लोटते, म्हणजे त्या चटईखाली हजारो अंडी असतात आणि एक बूट पडला तर किती चिरडतील सांगता येत नाही. मी लाइन गुंडाळून टाकली. दोन वाजले होते, उजेड भरपूर होता, पण तिथे पुढे टाकणं मला शक्यच नव्हतं.

आमच्याकडे महाडच्या बाजूला मृगाचा पाऊस पडला की चढणीचे मासे यायचे. ओढ्यातून, शेताच्या बांधावरून, उलट्या पाण्याने. रात्री काका टॉर्च आणि पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन निघायचे, मी पिशवी धरायला. मळ्या, शिंगट्या, सगळ्या गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरलेल्या, आणि घरी आजी ती गाबोळी तव्यावर परतायची, त्याची चव अजून जिभेवर आहे. काकांना मी दोष देत नाही, वर्षातून चार दिवसांचं ते खाणं होतं आणि सगळं गाव तेच करायचं. पण तिथून जवळच काळ नदीवर वाळण कोंडीत देवाचे मासे आहेत, हे मोठे महसीर, त्यांना हात लावायचा नाही हेही काकांनीच शिकवलं, कुरमुरे टाकायचे आणि बघत बसायचं. ओढ्यातली गाबोळीवाली मात्र चालायची. आठ-नऊ वर्षांची असताना हे मी विचारलं होतं त्यांना, की हिलापण पिल्लं होणार होती ना. ते गप्प राहिले आणि पिशवी माझ्याकडून स्वतःकडे घेतली.

ओंडक्यावर बसून थर्मासमधला चहा प्यायले. अर्ध्या तासाने त्या फिक्या जागेच्या जरा वर एक लांब सावली हलली, मग तिच्या मागे दुसरी, गालावर लालसर, तो नर. मादी एका कुशीवर वळली, पांढरं काहीतरी चमकलं, गोटे उडाले, पाणी क्षणभर गढूळ झालं. परत स्थिर. परत वळली. मी हललेच नाही, पाय बधिर झाले होते.

गाडी पलीकडच्या काठाला होती आणि सरळ वाट त्या उथळातूनच जात होती. मी मागे फिरले, झाडीतल्या एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणांच्या, वाटेने अर्धा मैल वर गेले, आणि जिथे तळाशी मोठे दगड आहेत तिथून काठी टेकत पलीकडे उतरले. गाडीत बसेपर्यंत परत पाऊस सुरू झाला होता.