तुम्ही विचारलंत म्हणून: रशियाच्या सम्राटाला, झारला कोणी पाडलं?

व्याख्यान रशियावर असो की गिरणगावावर, प्रश्नोत्तरांत कोणीतरी उठतंच. "बाई, तुमचे वडील लाल बावट्याचे. कम्युनिस्टांनी झारला पाडलं, वर त्याची पोरंही मारली. तुम्ही याचं समर्थन करता का?" दरवेळी दोन मिनिटांत काय सांगणार? आज सगळं लिहून काढते.

प्रश्नाचा पहिला भागच चूक आहे. फेब्रुवारी १९१७मध्ये रशियाची तेव्हाची राजधानी पेत्रोग्राड पेटली तेव्हा लेनिन झ्युरिचला होता, ट्रॉट्स्की न्यूयॉर्कला, स्टॅलिन सायबेरियात हद्दपार. पेत्रोग्राडच्या व्हिबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांतल्या बायकांना, संप करू नका, असं आदल्या दिवशी सांगणारा कार्यकर्ता बोल्शेविकच, म्हणजे पुढे कम्युनिस्ट म्हणवलेल्या लेनिनच्या पक्षाचाच होता. बायकांनी ऐकलं नाही. रशियाच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे २३ फेब्रुवारीला, म्हणजे आपल्या ८ मार्चला, त्या बाहेर पडल्या. युद्धाचं तिसरं वर्ष, पुरुष आघाडीवर आणि पहाटेपासून गोठत उभं राहूनही पाव मिळेल याची खात्री नाही. देशात धान्य होतं, पण युद्धानं रेल्वे मोडकळीला आली होती आणि पीठ राजधानीपर्यंत पोचत नव्हतं. १९८२च्या संपात माझी आई रेशनच्या दुकानातून रिकामी पिशवी घेऊन यायची, तेव्हा घरात तिच्याशी बोलायची कोणाची टाप नसे. त्या बायकांना कोणी फूस लावली, हे मला शिकवू नका. झारीण मात्र नवऱ्याला लिहीत होती की थंडी कडक असती तर हे लोक घरीच बसले असते.

तीन दिवसांनी, रविवारी, गोळीबार झाला. 'राजधानीतला गोंधळ उद्याच्या उद्या थांबवा' अशी झारची तार आघाडीवरच्या मुख्यालयातून आली होती. झ्नामेन्स्काया चौकात व्होलिन्स्की रेजिमेंटच्या प्रशिक्षण तुकडीनं गर्दीवर गोळ्या झाडल्या, माणसं पडली. तुकडीतला सार्जंट किर्पिच्निकोव्ह रात्री बराकीत परतला आणि त्यानं आपल्या माणसांना गोळा केलं. चौकात पाव मागणारी माणसं आपल्याच आईबापांसारखी, बहिणींसारखी आहेत, उद्याही त्यांच्यावर बंदूक चालवायची का? उद्या जायचं नाही, असं ठरलं. सकाळी कॅप्टन लाश्केविच आला. नेहमीच्या सलामीऐवजी रांगेतून 'हुर्रा' ऐकू आलं. त्यानं झारची तार वाचून दाखवली. आम्ही गोळ्या घालणार नाही, असं त्याला तोंडावर सांगितलं गेलं. तो बाहेर पळाला आणि अंगणातच गोळी लागून पडला. मग हे सैनिक शेजारच्या रेजिमेंटांच्या दारात गेले, त्याही बाहेर आल्या. संध्याकाळपर्यंत राजधानी झारच्या हातातून गेली होती आणि जुन्या कॅलेंडरच्या २ मार्चला, म्हणजे आपल्या १५ मार्चला, झारनं राजत्यागावर सही केली. बोल्शेविकांनी ऑक्टोबरात उलथवलं ते त्यानंतरचं हंगामी सरकार.

आता पोरांचं. हा भाग मी टाळते असा तुमचा आरोप आहे, म्हणून स्पष्ट सांगते. १७ जुलै १९१८ला मध्यरात्र उलटल्यावर येकातेरिनबुर्ग शहरात इपात्येव्ह यांच्या घराच्या तळघरात अकरा माणसं मारली. झार, झारीण, चार मुली, तेरा वर्षांचा अलेक्सेई, डॉक्टर, स्वयंपाकी, हुजऱ्या आणि देमिदोव्हा नावाची दासी. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या मुलाला आदल्या दिवशीच तिथून हलवलं होतं. म्हणजे कोण मरेल आणि कोण वाचेल, याचा विचार शांतपणे झालेला होता.

कॉलेजात असताना मी वादात म्हणायचे, यादवी सुरू होती, शत्रू वेशीवर होता, एक राजपुत्र जिवंत राहिला असता तर त्याच्या नावानं आणखी लाखो मेले असते. हे खोटं नाही. आठ दिवसांत ते शहर खरंच पडलं. पण त्या कॉलेजातल्या मुलीला मी विचारते, देमिदोव्हाच्या नावानं कोणतं सैन्य उभं राहणार होतं? ती म्हणते, इतिहास असा एकेका माणसाचा हिशेब ठेवत नाही. मग माझ्या आईच्या रिकाम्या पिशवीचा तरी कशाला ठेवायचा? इथे ती गप्प बसते, पण हार मानत नाही.

आणि तुम्ही कधीच विचारत नाही ते मला जास्त सलतं. ५ जानेवारी १९१८ला, निवडून आलेल्या संविधान सभेच्या बाजूनं पेत्रोग्राडमध्ये मोर्चा निघाला. त्यात कामगारही होते. बोल्शेविकांच्या नव्या सरकारच्या माणसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. शहर तेच. फेब्रुवारीला वर्षही उलटलं नव्हतं. वडिलांशी मी यावरून कडाकडा भांडले आहे. ते म्हणायचे, "अगं, त्या सभेच्या भरवशावर बसले असते तर शेतकऱ्याला जमीन मिळाली असती का?" मला ते पटलं नाही, आणि आजवर खोडूनही काढता आलेलं नाही.